चव्हाणांच्या कपाटातला अहवाल

मागच्या वर्षी रमजानच्या आधीची गोष्ट. चेंबूरच्या आमच्या भागात काही मंडळींनी मिळून एक लहानशी शिष्यवृत्ती समिती चालवली आहे. दहावी-बारावीच्या मुलांची फी, वह्या, क्लासचे पैसे, एवढंच तिचं काम. तिचा हिशेब माझ्याकडे असतो, कारण बाकीच्यांना एक्सेल येत नाही. आमच्याच गल्लीत वाढलेला एक जण कुवेतला नोकरीला आहे. पासपोर्ट भारतीय, आईवडील इथंच. त्यानं आपल्या पगारातून चाळीस हजार रुपये पाठवले. बँकेतल्या साहेबांनी ते अडवले. हा परदेशी पैसा आहे, तुमच्याकडे एफसीआरएची नोंदणी आहे का, असा सवाल. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकानं स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम कायद्यानं परकीय देणगी ठरत नाही, हे मी सांगितलं. साहेबांनी समितीच्या नावावरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, “तुमच्या केसमध्ये जरा जपूनच करावं लागतं.”

‘तुमच्या केसमध्ये’ म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. आमच्याकडे हे कुणी विचारत नाही. तिसऱ्या खेपेला गृहमंत्रालयाच्या संकेतस्थळावरचा नियम छापून नेला, तेव्हा पैसे जमा झाले.

घरी येऊन अब्बांना हे सांगितलं. अब्बा ऐंशीच्या पुढे आहेत, कान मंद झालेत, पण सदुसष्टच्या आसपासचं त्यांना कालच्यासारखं आठवतं. ते हसले आणि म्हणाले, “सदुसष्टला मोठमोठ्यांनी खाल्ले. नाव एकाचं तरी बाहेर आलं का? आणि तुला चाळीस हजारांचा हिशेब मागतात.”

त्या वाक्यानं मला जुन्या कागदांत ढकललं. अब्बा म्हणत होते ती गोष्ट खरी आहे, आणि तिच्या मध्यभागी आपला, महाराष्ट्राचा माणूस उभा आहे.

*

फेब्रुवारी १९६७ ची लोकसभा निवडणूक अब्बांची पहिली. तेव्हा मतदानाचं वय एकवीस होतं. आमचं चेंबूर मुंबई ईशान्य मतदारसंघात, आणि तिथली लढत देशभर गाजत होती. एका बाजूला व्ही. के. कृष्ण मेनन. १९५७ आणि १९६२ मध्ये उत्तर मुंबईतून काँग्रेसचे खासदार, नेहरूंचे संरक्षणमंत्री, चीन युद्धानंतर पायउतार झालेले, आणि आता तिकीट नाकारल्यामुळे अपक्ष. दुसऱ्या बाजूला काँग्रेसचे स. गो. बर्वे, आयसीएस अधिकारी, पानशेतच्या पुरानंतर पुणं सावरणारे म्हणून लोकांच्या लक्षात असलेले. नुकतीच जन्मलेली शिवसेना मेनन यांच्या विरोधात उतरली होती, आणि चेंबूरसारख्या तमिळ-मल्याळी वस्तीच्या भागात त्या प्रचाराचा अर्थ काय होता हे वेगळं सांगायला नको. बर्वे निवडून आले आणि काही दिवसांतच वारले. पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी ताराबाई सप्रे उभ्या राहिल्या आणि मेनन पुन्हा हरले.

अब्बांनी कुणाला मत दिलं ते आजवर सांगितलेलं नाही. पण गल्लीत काय बोललं जायचं ते सांगतात. मेननना रशियाचा पैसा, काँग्रेसवाल्यांना अमेरिकेचा पैसा. चहाच्या दुकानात दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडून ऐकायला मिळायच्या. पुरावा कुणाकडेच नव्हता, आणि मीही इथं या दोघांपैकी कुणावर आरोप करत नाही. सांगायचंय ते एवढंच, की शीतयुद्ध म्हणजे बर्लिन आणि क्युबा असं आपण समजतो, तेव्हा ते आमच्या रेशनच्या रांगेतही होतं. पीएल-४८० खालचा अमेरिकन गहू आणि लाल मिलो लोक नाक मुरडून घरी नेत होते. माहुलला एस्सोची अमेरिकन रिफायनरी, शेजारी बर्मा शेलची. तुर्भ्याला कॅनडाच्या मदतीनं उभारलेली अणुभट्टी. आणि घराघरात ‘सोव्हिएत देश’, ज्याच्या गुळगुळीत रंगीत पानांची कव्हरं शाळेच्या वह्यांना घातली जायची. अमेरिकन वकिलातीचं ‘स्पॅन’सुद्धा यायचं, पण अब्बांच्या मते कव्हराला रशियन कागद जास्त टिकाऊ.

मॉस्कोहून ‘रेडिओ पीस अँड प्रोग्रेस’ नावाचं केंद्र चालायचं. काँग्रेसमधल्या उजव्या मानल्या जाणाऱ्या नेत्यांवर ते उघड टीका करत होतं, आणि भारत सरकारला त्याबद्दल सोव्हिएत सरकारकडे नाराजी कळवावी लागली होती. दुसऱ्या बाजूनं, त्याच फेब्रुवारीत अमेरिकेतल्या ‘रँपार्ट्स’ मासिकानं सीआयए विद्यार्थी संघटनांना आणि सांस्कृतिक संस्थांना गुपचूप पैसा पुरवते हे फोडलं. त्याचे शिंतोडे मुंबईपर्यंत उडाले. ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’ या जागतिक संस्थेची भारतीय समिती १९५१ पासून मुंबईत होती, ‘क्वेस्ट’ हे इंग्रजी नियतकालिक तिचंच, आणि त्याचे पहिले संपादक निस्सीम इझिकेल. मूळ संस्थेला सीआयएचा पैसा होता हे उघड झालं तेव्हा इथं लिहिणाऱ्या कित्येकांना धक्का बसला. एशिया फाउंडेशननंही असा पैसा घेतल्याचं कबूल केलं, आणि पुढच्या वर्षी भारतानं तिला गाशा गुंडाळायला लावला.

*

आता मुख्य गोष्ट.

निवडणुकीत काँग्रेसला जोरदार फटका बसला होता. लोकसभेत ५२० पैकी २८३ जागा, कशीबशी बहुमताची. अनेक राज्यं हातची गेलेली. विरोधी बाकांवर अशी माणसं बसली होती की आज यादी वाचली तरी हेवा वाटतो. पुण्याचे एस. एम. जोशी, राजापूरचे नाथ पै, बिहारमधून निवडून आलेले पण मूळचे पुण्याचे मधू लिमये, स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी, आणि दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना पाडून आलेले जॉर्ज फर्नांडिस. या सभागृहात निवडणुकीतल्या परकीय पैशाचा विषय निघाला तो दाबता येण्यासारखा नव्हता.

गृहमंत्री होते यशवंतराव चव्हाण. त्यांनी चौकशी इंटेलिजन्स ब्युरोकडे दिली. ब्युरोनं अहवाल तयार केला. आणि जून १९६७ मध्ये त्या अहवालाचा गाभा दिल्लीत नव्हे, ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छापून आला. कम्युनिस्ट देशांकडून आणि सीआयएकडून, दोन्हीकडून, डाव्या-उजव्या पक्षांना पैसा पोचल्याचं भारतीय गुप्तचरांना आढळलं आहे, असं ती बातमी सांगत होती.

भारताच्या खासदारांना भारताच्या गृहखात्याचा अहवाल अमेरिकन वर्तमानपत्रात वाचावा लागला. सभागृहात गदारोळ झाला. अहवाल टेबलावर ठेवा, ही मागणी झाली. नावं सांगा. संसदेची समिती नेमा. चव्हाणांनी नकार दिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की अहवाल प्रसिद्ध केला आणि नावं जाहीर केली तर अनेकांच्या हितसंबंधांना बाधा पोचेल. आपण कायदा करण्याचा विचार करू, असं आश्वासन मात्र पुढं आलं.

यशवंतरावांबद्दल माझ्या मनात आदर आहे, हे आधीच सांगून टाकतो. संयुक्त महाराष्ट्रानंतर या राज्याला त्यांनी जी समंजस सुरुवात करून दिली, तिचा फायदा आमच्यासारख्यांनाही झाला. १९६२ मध्ये मेनन यांच्या जागी ते दिल्लीला गेले, तेव्हा सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला असं लोक अभिमानानं म्हणाले, त्यात आमच्या कोकणातल्या मुसलमान वस्त्याही होत्या. म्हणूनच हा नकार मला जास्त टोचतो. साध्या मंत्र्यानं केला असता तर मी त्यावर लेख लिहिला नसता.

त्यांच्या बाजूनं विचार करून पाहतो. देश सलग दोन दुष्काळांतून जात होता. अमेरिकन गव्हाची जहाजं आली नाहीत तर बिहारमध्ये माणसं मरतील अशी स्थिती. शस्त्रं मात्र मोठ्या प्रमाणात रशियाकडून. या दोघांनी आमच्या निवडणुकीत पैसे ओतले असं गृहमंत्र्यानं नावानिशी सभागृहात सांगितलं तर पुढं काय? शिवाय गुप्तचर अहवाल म्हणजे न्यायालयातला पुरावा नसतो. खबऱ्यानं सांगितलेलं, टेलिफोनवर ऐकलेलं, कुणाच्या तरी हिशेबाच्या वहीत डोकावून पाहिलेलं. त्यावर एखाद्याचं नाव फोडलं आणि ते चूक निघालं तर त्या माणसाचं राजकारण संपलं. आणि एक बाब तर उघडच आहे, की डाव्या-उजव्या सगळ्यांचा उल्लेख असलेल्या अहवालात सत्ताधारी पक्षाचे लोक अजिबात नसतील असं मानणं भाबडेपणाचं होईल. हा माझा तर्क आहे. अहवाल मी पाहिलेला नाही, कुणीच पाहिलेला नाही, आणि अडचण तीच आहे.

कारण ‘अनेकांच्या हिताला बाधा’ हे उत्तर एका विशिष्ट तऱ्हेचं आहे. सरकार म्हणतं, गुन्हा झाला आहे, गुन्हेगार आम्हाला ठाऊक आहेत, पण सांगणार नाही. ज्यांची नावं त्यात आहेत ते सुटतात. ज्यांची नाहीत तेही सुटत नाहीत, कारण त्यांना ‘माझं नाव त्यात नाही’ हे सिद्ध करायची सोय उरत नाही. आणि ज्यांच्याकडे कपाटाची किल्ली आहे, त्या पक्षाकडे बाकी सगळ्या पक्षांविरुद्ध एक न उच्चारलेली धमकी कायमची जमा होते.

संसदेकडे त्या वेळी काय हत्यार होतं? प्रश्नोत्तराचा तास, लक्षवेधी सूचना, स्थगन प्रस्ताव. म्हणजे बोलण्याची साधनं भरपूर, कागद बघण्याचं एकही नाही. खात्यानुसार स्थायी समित्या आपल्याकडे १९९३ मध्ये आल्या. इंटेलिजन्स ब्युरो १८८७ पासून, म्हणजे इंग्रजांच्या काळापासून आहे, पण त्याच्या कामावर देखरेख ठेवणारी संसदेची समिती तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. २०११ मध्ये मनीष तिवारी यांनी त्यासाठी खासगी विधेयक आणलं होतं. खासगी विधेयकांचं जे होतं तेच त्याचं झालं.

*

कायदा करू म्हणाले, तो आला कधी? १९६९ मध्ये कंपन्यांनी राजकीय पक्षांना देणग्या देण्यावर बंदी आली, पण तो वेगळा विषय. परकीय पैशाचं विधेयक १९७३ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं. दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. समितीनं वेळ घेतला. आणि विधेयक मंजूर झालं ते १९७६ च्या मार्चमध्ये.

ही तारीख जरा थांबून वाचा. आणीबाणीला नऊ महिने झाले होते. १९६७ मध्ये ज्या बाकांवरून नावं मागितली गेली, त्या बाकांवरची बरीचशी माणसं तुरुंगात. मधू लिमये मध्य प्रदेशातल्या तुरुंगात होते, जॉर्ज भूमिगत होते आणि जूनमध्ये पकडले गेले. नाथ पै १९७१ मध्येच गेले होते. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. ज्या प्रश्नावर उघड्या सभागृहात दहा वर्षं भांडण व्हायला हवं होतं, त्यावरचा कायदा रिकाम्या सभागृहात झाला. त्याच वर्षी, मे महिन्यात, आमच्याच बाजूला मानखुर्दची जनता कॉलनी पाडून हजारो माणसांना चीता कॅम्पमध्ये नेऊन टाकलं. त्या वर्षी प्रश्न विचारणं ही गोष्टच बंद होती, मग ती संसदेत असो की झोपडपट्टीत.

५ ऑगस्ट १९७६ पासून कायदा लागू झाला. ही तारीख लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

कायद्याची रचना मोठी बोलकी आहे. राजकीय पक्ष, उमेदवार, आमदार-खासदार, न्यायाधीश, सरकारी नोकर आणि वर्तमानपत्रांचे संपादक-पत्रकार यांना परकीय देणगी पूर्ण बंद. सामाजिक, शैक्षणिक, धार्मिक संस्थांना मुभा, पण त्यांनी गृहखात्याला हिशेब द्यायचा. वरवर पाहता पक्षांवर कडक आणि संस्थांवर सैल. प्रत्यक्षात उलटं झालं. संस्थेला दर वर्षी कागद भरावे लागतात, १९८४ च्या वटहुकमानंतर नोंदणी सक्तीची झाली, आणि कागद चुकला की नोंदणी जाते. पक्षाला मात्र बंदीच असल्यामुळे भरण्यासारखा फॉर्मच नाही. बंदी मोडली की नाही हे बघायचं कुणी? गृहमंत्रालयानं. ते चालवतं कोण? निवडणूक जिंकलेला पक्ष.

निवडणुकीत येणाऱ्या परदेशी पैशाच्या भीतीतून जन्मलेला कायदा अशा रीतीनं मदरसे, चर्च, आदिवासींत काम करणारे कार्यकर्ते आणि आमच्यासारख्या चाळीस हजारवाल्यांच्या दारात येऊन बसला. आमच्याबाबतीत त्याला ‘आखाती पैसा’ असं खास नावही मिळालं. कुवेत-दुबईत घाम गाळून रत्नागिरीच्या गावात घर बांधणाऱ्या माणसाच्या पैशालाही हेच नाव, आणि खरोखर कुठल्या संघटनेनं चोरून आणलेल्या पैशालाही हेच. असा चोरटा पैसा कधी आलाच नाही असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. पण दोन्हींत फरक करायची तसदी घेतली जात नाही, आणि ती न घेण्याची सवय १९६७ च्या त्या उत्तरात आहे. नावं सांगायची नाहीत, संशय मात्र सगळ्यांवर राहू द्यायचा.

सत्तरच्या दशकात ‘परकीय हात’ हा शब्द इंदिराबाईंच्या भाषणांत इतका आला की लोक त्यावर विनोद करू लागले. आणि १९७८ मध्ये गंमत झाली. भारतात राजदूत राहिलेले डॅनियल मॉयनिहान यांनी आपल्या पुस्तकात लिहिलं, की केरळ आणि पश्चिम बंगालमध्ये कम्युनिस्टांना रोखण्यासाठी अमेरिकेनं दोनदा काँग्रेस पक्षाला पैसा दिला, आणि त्यातला एकदा तो थेट इंदिरा गांधींच्या हाती, त्या पक्षाध्यक्ष असताना. इंदिराबाईंनी इन्कार केला. तेव्हा जनता सरकार होतं, मोरारजी पंतप्रधान. १९६७ चा अहवाल बाहेर काढायला यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला? पण त्यांनीही काढला नाही. जनता पक्षात जनसंघ होता, समाजवादी होते, जुने काँग्रेसवाले होते. अहवालात कुणाकुणाची नावं असतील याची प्रत्येकाला धास्ती असणार, असं मला वाटतं.

*

आता ५ ऑगस्ट १९७६ कडे येतो.

मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं निकाल दिला, की भाजप आणि काँग्रेस या दोन्ही पक्षांनी वेदांत समूहाच्या कंपन्यांकडून देणग्या घेऊन परकीय देणगी कायदा प्रथमदर्शनी मोडला आहे. त्या कंपन्यांत गोव्याच्या खाणींमुळे आपल्याला माहीत असलेली सेसा होती. कंपन्या भारतात नोंदलेल्या, पण निम्म्याहून जास्त भांडवल लंडनच्या कंपनीचं, म्हणून कायद्याच्या व्याख्येनुसार ‘परकीय स्रोत’. न्यायालयानं सरकार आणि निवडणूक आयोगाला सहा महिन्यांत कारवाई करायला सांगितलं. दोन्ही पक्ष सर्वोच्च न्यायालयात गेले.

मग २०१६ च्या वित्त विधेयकात एक कलम आलं. परकीय गुंतवणुकीच्या मर्यादेत बसणारी कंपनी यापुढं परकीय स्रोत मानली जाणार नाही, आणि हे २०१० पासून लागू समजावं. म्हणजे पूर्वलक्षी. पण वादातल्या देणग्या २०१० च्या आधीच्या, १९७६ च्या जुन्या कायद्याखालच्या होत्या. तेव्हा २०१८ च्या वित्त विधेयकात आणखी एक कलम. २०१६ च्या कलमातली २६ सप्टेंबर २०१० ही तारीख काढून तिथं ५ ऑगस्ट १९७६ ही घालावी. एवढंच. बेचाळीस वर्षांचा हिशेब एका तारखेनं पुसला गेला. लोकसभेत ते विधेयक गोंधळात, चर्चेविना मंजूर झालं. वित्त विधेयक असल्यामुळे राज्यसभेला अडवण्याचा अधिकार नव्हता. काँग्रेस आणि भाजप एरवी हवामानावरही एकमत होत नाहीत. इथं कुणी फारसं ओरडलं नाही.

आणि संस्थांसाठी? सप्टेंबर २०२० मध्ये त्याच कायद्यात दुरुस्ती आली. परकीय देणगी घेणाऱ्या प्रत्येक संस्थेचं खातं दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत हवं, एका संस्थेनं दुसरीला पैसा द्यायचा नाही, कार्यालयीन खर्च वीस टक्क्यांच्या आत. लोकसभेत २१ तारखेला मंजूर, राज्यसभेत २३ ला. शेती कायद्यांवरून विरोधकांचा बहिष्कार चालू होता. समितीकडे विधेयक गेलं नाही. १९७६ मध्ये विरोधक तुरुंगात होते, २०२० मध्ये बाहेर होते, बाक मात्र दोन्ही वेळी रिकामे.

दुसरीकडे काय झालं ते बघण्यासारखं आहे. अमेरिकेत २०१६ च्या निवडणुकीत रशियानं ढवळाढवळ केली, तेव्हा सिनेटच्या गुप्तचर समितीनं तीन वर्षांहून जास्त काळ काम करून पाच खंडांत अहवाल दिला. त्यातला तिसरा खंड रशियाबद्दल नाहीच, आपल्याच सरकारनं वेळेवर काय केलं आणि काय केलं नाही याबद्दल आहे. समितीत बहुमत रिपब्लिकनांचं होतं, आणि रशियाच्या कारवायांचा फायदा झाला म्हणतात तो अध्यक्षही त्यांचाच होता. पानापानावर काळ्या पट्ट्या आहेत, पण अहवाल कुणालाही वाचता येतो. ब्रिटनमध्ये संसदेच्या गुप्तचर समितीचा रशिया अहवाल ऑक्टोबर २०१९ मध्ये पंतप्रधानांकडे गेला. निवडणूक पार पडेपर्यंत तो दाबला गेला आणि जुलै २०२० मध्ये बाहेर आला. त्यातली सगळ्यात बोचरी गोष्ट कुठल्या कारस्थानाची नव्हती. ब्रेक्झिटच्या सार्वमतात ढवळाढवळ झाली का, हे सरकारनं तपासायचा प्रयत्नच केला नाही, असं समितीनं आपल्याच सरकारला सुनावलं.

याच देशांनी दुसऱ्यांच्या निवडणुकांत काय केलं ते मॉयनिहान सांगून गेलेत. त्यामुळे त्यांच्या लोकशाहीचे गोडवे मी गात नाही. पण १९६७ मध्ये आपल्या सभागृहाला हीच गोष्ट हवी होती. काही खासदार, बंद दारामागं, मूळ कागदांसकट, आणि नंतर गाळलेला का होईना पण छापील अहवाल. गाळलेली नावं गाळलेलीच राहिली असती. निदान किती पक्ष, किती पैसा, कुठून आला आणि सरकारनं त्यावर काय केलं, एवढं तरी कळलं असतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेतून बातमी आली, की भारतातलं मतदान वाढवायला ठेवलेले दोन कोटी दहा लाख डॉलर तिथल्या नव्या सरकारनं रद्द केले. ट्रम्प यांनी ते भाषणांत पुन्हा पुन्हा सांगितलं. आपल्या परराष्ट्र मंत्रालयानं माहिती अस्वस्थ करणारी असल्याचं म्हटलं. दोन्ही पक्षांनी एकमेकांना परकीय हस्तक म्हणून घेतलं. आमच्या व्हॉट्सॲप गटांत तो पैसा कुणाला मिळाला याची यादी फिरली, आणि त्या यादीत अर्थातच आमचीच नावं. ऑगस्टमध्ये राज्यसभेतल्या एका प्रश्नाला लेखी उत्तर आलं, की अमेरिकन दूतावासानं दिलेल्या माहितीनुसार असा निधी भारतासाठी आलाच नव्हता आणि दिलाही गेला नव्हता. म्हणजे ज्यांच्यावर पैसे दिल्याचा आरोप, त्यांच्याच पत्रावर सरकारचं उत्तर उभं. आपल्या यंत्रणांनी स्वतः काय शोधलं, हे समितीसमोर बसवून विचारणारं कुणी नाही. यादी फिरवणाऱ्यांनी हे उत्तर काही फिरवलं नाही.

अब्बांना मी हे सगळं वाचून दाखवलं. मेनन-बर्वेंपर्यंत ते लक्ष देऊन ऐकत होते, वित्त विधेयकाला पोचेपर्यंत डोळा लागला. उठल्यावर त्यांनी एकच विचारलं, चव्हाणांचा तो कागद अजून आहे का. गृहखात्यात कुठंतरी असणार, म्हणालो. सदुसष्टनंतर दिल्लीत किती पक्षांचे गृहमंत्री झाले ते मोजायला त्यांनी बोटं काढली, आणि एक हात संपल्यावर सोडून दिलं.

कुवेतवाल्याचे पैसे यंदाही आले आहेत. नियमाची छापील प्रत मी पिशवीतच ठेवली आहे.